गावाची पाणीपट्टी ठरवायची आणि वसूल करायची कशी: पाणीपुरवठा समितीवर नव्यानं आलेल्यांसाठी

माण, खटाव, कोरेगाव या पट्ट्यात उन्हाळ्यात नळ बंद पडला की पहिल्यांदा विहिरीकडं बोट जातं. विहीर बऱ्याचदा निर्दोष असते. वीजबिल थकलेलं असतं, नाहीतर मोटर जळून रिवायंडिंगला गेलेली असते आणि ती सोडवून आणायला ग्रामपंचायतीच्या खात्यात पैसे नसतात. तेव्हा गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर तुमचं नाव लागलं असेल, तर पाईपलाईन समजून घेण्याआधी हिशेब समजून घ्या. पाईपलाईन काय, पाणी सोडणारा माणूस दोन फेऱ्यांत दाखवतो.

योजना कुणाची, हे आधी विचारा

सातारा जिल्ह्यात दोन तऱ्हा दिसतात. एक, गावाची स्वतःची योजना: आपली विहीर किंवा बोअर, आपली मोटर, आपली टाकी. दुसरी, प्रादेशिक योजना: एकाच ठिकाणाहून अनेक गावांना पाणी येतं, आणि ते चालवणारी यंत्रणा ग्रामपंचायतीला एकगठ्ठा बिल देते. दुसऱ्या तऱ्हेत मुख्य मोटरचं वीजबिल तुमच्या नावावर नसतं, पण ते त्या एकगठ्ठा बिलात बसलेलंच असतं. गावात घरटी कितीही वसूल होवो, वरचं बिल ठरल्याप्रमाणं येत राहतं. खाली जी मांडणी केली आहे ती स्वतंत्र योजनेची आहे. प्रादेशिकवाल्यांनी विजेच्या जागी ते एकगठ्ठा बिल धरावं.

योजना नवी असेल आणि ठेकेदाराकडून ग्रामपंचायतीकडं हस्तांतरण व्हायचं असेल, तर सहीची घाई करू नका. टाकी काठोकाठ भरून चोवीस तास बंद ठेवायला लावा आणि पातळी किती उतरते ते बघा. सगळे व्हॉल्व्ह कुठं आहेत त्याचा नकाशा मागा. रस्ता डांबरी झाल्यावर व्हॉल्व्ह शोधायला जेसीबी लावावा लागतो. मोटर, स्टार्टर, केबल यांची वॉरंटीची कागदं ताब्यात घ्या. आणि शेवटच्या वस्तीवर, सगळ्यात उंचावरच्या घरी, स्वतः जाऊन तोटी उघडा. तिथं पाणी चढत नसेल तर पुढं वसुलीला गेल्यावर काय ऐकावं लागणार ते आजच कळेल.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. त्यात माणशी रोज ५५ लिटर हे किमान माप आहे. गावातल्या अंतर्गत कामांच्या खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी धरलेली आहे. डोंगरी व वनक्षेत्रातल्या गावांना आणि जिथं अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून जास्त आहे तिथं ५ टक्के. ही वर्गणी रोख, साहित्य किंवा श्रमदान अशी कशीही देता येते. मात्र लोकवर्गणी आणि पाणीपट्टी एकच, असा समज गावोगाव आहे. "आम्ही योजनेला पैसे दिलेत की, आता पट्टी कशाची?" हा प्रश्न नक्की येणार. वर्गणी योजना बांधायला होती, पट्टी ती रोज चालवायला आहे, हे पहिल्या सभेतच फोड करून सांगा.

वीजबिल हातात घेऊन बसा

दर ठरवताना शेजारचं गाव किती घेतं हे विचारायची पद्धत आहे. ती सोडून द्या. शेजारच्या गावाची टाकी कदाचित उतारावर असेल आणि तुमची टेकडीवर. पाणी जितकं वर चढवाल तितकी वीज जाते, म्हणून प्रत्येक गावाचा दर वेगळाच निघणार.

मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. प्रत्येक बिलाच्या एकूण रकमेला वापरलेल्या युनिटनं भागा. त्यात स्थिर आकार, वहन आकार सगळं येतं आणि युनिट खरं कितीला पडतं ते कळतं. आधीची थकबाकी आणि व्याज मात्र बाजूला काढा, नाहीतर आकडा फुगतो. कनेक्शन सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या वर्गवारीतच आहे ना, तेही बिलावर वाचा.

आता एक मांडणी करून बघू. आकडे समजुतीसाठी आहेत, त्या जागी तुमचे घाला.

गावात ४०० कुटुंबं, २,००० माणसं. माणशी ५५ लिटर म्हणजे दिवसाला १,१०,००० लिटर. गळती धरून सव्वा लाख लिटर उपसावं लागेल. १० एचपीची मोटर तासाला साधारण ८ युनिट घेते. रोज सहा तास चालली तर ४८ युनिट, वर्षाला अंदाजे १७,५०० युनिट. युनिट सगळं धरून ७ रुपयांना पडलं तर विजेचे १,२२,५०० रुपये.

पाणी सोडणाऱ्याला महिना ९,००० रुपये धरले तर वर्षाचे १,०८,०००. (याहून कमी देऊन माणूस टिकवता येईल असं कुणी म्हणालं, तर त्यालाच पहाटे साडेचारला व्हॉल्व्ह फिरवायला बोलवा.) टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर आणि पाणी तपासणी १२,०००. गळती, जोडण्या, तोट्या, स्टार्टर अशी किरकोळ दुरुस्ती ५५,०००. पावती पुस्तकं आणि छपाई २,५००. आणि ६०,००० राखीव.

या राखीव रकमेवर सभेत सगळ्यात जास्त कात्री चालते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. मोटर कधीतरी जळणार, केबल कधीतरी जाणार, हे ठरलेलं आहे. तारीख तेवढी ठाऊक नसते. हा पैसा बाजूला असेल तर मोटर दोन दिवसांत परत विहिरीत उतरते. नसेल तर कुणातरी पुढाऱ्याच्या खिशातून उसने येतात आणि मग पुढची पाच वर्षं तो गावाला ते ऐकवतो.

बेरीज ३,६०,००० रुपये. ४०० कुटुंबांत वाटली तर वर्षाला ९००, महिन्याला ७५. हजार लिटरमागं हिशेब केला तर ९ रुपयांच्या आसपास. लग्नाला २० लिटरचा जार २० रुपयांना घेतो तेव्हा आपण हजार लिटरला हजार रुपये देतो, आणि घासाघीसही करत नाही.

पण ९०० हा दर ठरवून चालत नाही, कारण शंभर टक्के वसुली होत नाही. ३०० घरांनीच भरलं तर प्रत्येकी १,२०० लागतील. म्हणजे भरणारा माणूस न भरणाऱ्याचे ३०० रुपये भरतो. ३६० घरांनी भरलं तर १,००० मध्ये भागतं. माझं मत विचाराल तर दर १,००० ठेवा आणि सगळा जोर वसुली ९० टक्क्यांवर नेण्यावर लावा. दर वाढवत गेलं की प्रामाणिक माणूसही एक दिवस भरायचं थांबवतो, आणि एकदा थांबला की परत सुरू करत नाही.

वित्त आयोगाच्या निधीतून बिल भरता येईल की, असं कुणीतरी म्हणतंच. पंधराव्या वित्त आयोगात, २०२१ ते २०२६ या काळात, ग्रामपंचायतीचा ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा होता: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. देखभालीला त्याचा आधार होतो, हे खरं. पण हप्ता कधी येईल ते आपल्या हातात नसतं आणि बिल मात्र दर महिन्याला येतं.

जनावरं, पोल्ट्री आणि कुलूपबंद घरं

घरटी सरसकट दर हा सोपा असतो, न्याय्य नसतो. ५५ लिटरचं माप माणसाचं आहे, त्यात जनावर धरलेलं नाही. दुभती संकरित गाय उन्हाळ्यात ७०-८० लिटर सहज पिते, गोठा धुवायचं पाणी वेगळं. पाच माणसं आणि सहा गायी असलेलं घर रोज ७०० लिटरच्या पुढं जातं. शेजारी एकटी म्हातारी दोन घागरी भरते. दोघांना हजारच रुपये लावले तर म्हातारी त्या डेअरीला अनुदान देते असं म्हणावं लागेल.

यावर उपाय दोन. मीटर बसवणं हा खरा उपाय. कराडला लागून असलेल्या मलकापूरनं चोवीस तास पाणी आणि मीटर हे दोन्ही एकत्र आणून दाखवलं: वापर वाढेल तसा टप्प्याटप्प्यानं दर चढतो, त्यामुळं जपून वापरणाऱ्याला पाणी स्वस्त पडतं. पण ते शहरालगतचं, मोठ्या योजनेचं गाव. दोन दिवसांआड पाणी सोडणाऱ्या लहान गावात मीटर लावले तर रिकाम्या पाईपमधली हवा मीटर फिरवते आणि भांडणं तेवढी वाढतात. आधी पुरवठा नियमित करा, मग मीटरचं बघा.

तोवर दुसरा उपाय, वर्गवारी. साधं घर, तीनपेक्षा जास्त मोठी जनावरं असलेलं घर, आणि व्यवसाय: हॉटेल, पोल्ट्री, वॉशिंग सेंटर, मंगल कार्यालय. गोठेवाल्याला दीडपट, व्यवसायाला तिप्पट असं काही ठरवता येईल. जनावरं मोजायला समितीनं जाऊ नये, वाईटपणा येतो. दूध संकलन केंद्रावर कुणाचं किती दूध जातं ते गावाला पाठ असतं.

कुलूपबंद घरांचा प्रश्न आपल्याकडं खास आहे. माण-खटावची निम्मी भावकी मुंबईला माथाडीत, तिकडं खानापूर-आटपाडीची गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात देशभर. घर बंद, नळ जोडलेला, पट्टी पाच वर्षं थकलेली. ही माणसं पैसे बुडवणारी नसतात. मागायलाच कुणी जात नाही. यात्रेला सगळी गावात असतात. यात्रेच्या आदल्या दिवशी देवळाच्या मंडपात टेबल टाका, नावानुसार बिलं तयार ठेवा, शेजारी क्यूआर कोड लावा. पालखी निघायच्या आत वर्षभरात झाली नसेल एवढी वसुली होते. क्यूआर मात्र ग्रामपंचायतीच्या खात्याचाच हवा, सरपंचांच्या पोराच्या मोबाईलचा नको. जे अजिबात येत नाहीत त्यांना नळ तात्पुरता बंद करायचा अर्ज देता येईल अशी सोय ठेवा. बंद घराला अर्धा दर ठेवायचा की नाही, हे ग्रामसभेनं ठरवावं.

ग्रामसभेत दर मंजूर करून घेणं

समितीला कर लावायचा अधिकार नाही. तो ग्रामपंचायतीचा, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली. समितीनं हिशेब मांडून शिफारस करायची, ग्रामसभेत तो ठेवायचा, आणि ग्रामपंचायतीनं दर जाहीर करून, हरकती ऐकून, मग ठराव करायचा. सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्यांना सामान्य पाणीपट्टी आणि खासगी नळवाल्यांना विशेष पाणीपट्टी असे दोन प्रकार नमुना ८ वर (कर आकारणीच्या वहीत) असतात, ते गोंधळू देऊ नका.

ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यात जे कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. कायद्यानं चालतं म्हणून वीस माणसांच्या तहकूब सभेत पाणीपट्टी वाढवून घेऊ नका. कागदावर ठराव होईल, वसुलीला गेल्यावर दारात कुणी उभं करणार नाही. महिला सभा आधी घ्या. पाण्याची किंमत ज्यांच्या डोक्यावर हंडा होता त्यांना समजावून सांगावी लागत नाही, आणि मुख्य सभेत त्याच बोलतात.

सभेत तीन वाक्यं ठरलेली असतात. "पाणी देवाचं, त्याचे पैसे कसले?" पाणी देवाचंच, मोटर महावितरणच्या विजेवर चालते. "आमच्या वस्तीवर पाणीच चढत नाही." हे खरं असेल तर वाद घालू नका, जितके दिवस पाणी मिळालं नाही तितकी सूट देऊ, आणि तीन महिन्यांत वेगळा व्हॉल्व्ह टाकून देऊ, असं इतिवृत्तात लिहा. "आधी सदस्यांनी भरावी." याला उत्तर कायद्यातच आहे: मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कलम १४ नुसार अपात्र ठरू शकतो. सभेला येण्याआधी सगळ्या सदस्यांच्या पावत्या फाडून खिशात ठेवा. सभेत त्या नुसत्या वर धरल्या तरी पुरतं.

बिल, पावती, वही

मागणी नमुना ९ मध्ये, बिल नमुना ९ क वर, पावती नमुना १० वर, आणि त्याच दिवशी रोकडवहीत नोंद. ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतो) हे बघतात, पण वही वाचता आली पाहिजे ती तुम्हाला. एवढंच तपासा: पावती पुस्तकाचा पहिला आणि शेवटचा क्रमांक, त्या दरम्यानच्या सगळ्या पावत्यांच्या रकमेची बेरीज बँकेत गेली का, आणि गेली तर किती दिवसांनी. वसूल झालेली रक्कम परस्पर खर्चायची नाही. आधी बँकेत, मग चेकनं बाहेर. पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं ठेवलं की दिवाबत्तीच्या बिलात पाण्याचा पैसा जात नाही.

बिल वर्षाला एकदा १,००० रुपयांचं देण्यापेक्षा वर्षातून चारदा २५० चं द्या. ऊसवाल्याला बिलाचे पैसे कारखान्याकडून येतात तेव्हा, दूधवाल्याला दर दहा दिवसांनी, मजुराला आठवडी बाजारादिवशी. हप्ता त्या त्या दिवसाला जोडला तर पैसा हातात असतो. वसुली बचत गटाकडं देऊन त्यांना वसुलीवर काही टक्के देणं हा चांगला मार्ग आहे: बायका घरात जातात, बाहेरून हाक मारून परत येत नाहीत.

दर तिमाहीला जमा-खर्चाचा एक कागद फलकावर लावा. "किरकोळ खर्च ११,४००" असं लिहू नका. "शाळेजवळ फुटलेला पाईप, दोन जोड, मजुरी" असं लिहा. लोक शाळेजवळचा खड्डा बघून आलेले असतात.

थकबाकीदार

क्रम सोडू नका: बिल, मग मागणीची नोटीस, मग त्याच अधिनियमाच्या कलम १२९ खालची वसुलीची कारवाई. दरम्यान राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण ठेवलं तर बरेच लोक तडजोडीनं भरून टाकतात, कारण कोर्टाचा कागद घरी आलेला कुणालाच आवडत नाही. नळ तोडायचा तर नोटीस देऊन, पंचनामा करून.

आणि सुरुवात कुठून करायची, हे फार महत्त्वाचं. यादी रकमेप्रमाणं लावा, सगळ्यात मोठी थकबाकी वर. पहिला नळ मळ्याच्या टोकाच्या, नाहीतर दलित वस्तीतल्या गरिबाचा तोडला आणि पाटलाच्या वाड्यापुढं गाडी थांबलीच नाही, असं झालं की वसुली तिथंच संपते. ज्यांना खरोखर जमत नाही अशा घरांची नावं ग्रामसभेतच ठरवा आणि त्यांची पट्टी कुठून भरायची तेही तिथंच लिहा. कुणाची पट्टी सोडली हे गुपित ठेवलं की प्रत्येकाला वाटतं, आपली का नाही?

नळाला थेट टिल्लू (विजेचा छोटा पंप) लावणारा हा वेगळ्या प्रकारचा थकबाकीदार. तो पट्टी वेळेवर भरतो आणि पुढच्या दहा घरांचं पाणी ओढतो. दंड ठरावात आधीच घालून ठेवा, आणि पाणी सोडायच्या वेळेत सिंगल फेज बंद ठेवता येते का ते वायरमनशी बोलून बघा.

पैसे घेतले तर पाणी शुद्ध हवं

टीसीएलचं गणित सोपं आहे: हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे सव्वा लाख लिटरला रोज ६२५ ग्रॅम. महिन्याला १९ किलोच्या आसपास. गोदामात महिन्याकाठी पाचच किलो संपत असेल तर पाण्यात काय पडतंय ते विचारा. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो, तेव्हा एकदम वर्षाचा साठा भरू नका. गावात पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकाला घेऊन शेवटच्या नळावर, क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी ओटी टेस्ट करा: थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली पाहिजे. तिथं लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. तुमच्या गावाचं कोणतं आहे ते कार्यालयात विचारा आणि बिलाच्या मागं छापा.

कचरा, सांडपाणी, दिवे

ही कामंही त्याच समितीच्या आणि ग्रामपंचायतीच्या अंगावर येतात. आरोग्य कर, दिवाबत्ती कर घरपट्टीच्याच बिलात असतात. घंटागाडी सुरू करायची असेल तर आधी डिझेल आणि दोन माणसांचा पगार मोजा, गाडी नंतर घ्या. गाडी अनुदानात मिळते, डिझेल मिळत नाही, म्हणून अनेक घंटागाड्या शाळेच्या भिंतीला लागून उभ्या असतात. सांडपाण्याला गटारापेक्षा घरटी शोषखड्डा स्वस्त आणि वसुलीची कटकट नाही.

पर्यटकांची वर्दळ असलेल्या गावांना आणखी एक वाट आहे. कास पठारावर आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती फुलांच्या हंगामात प्रवेश शुल्क घेते आणि त्यातून राखण करणाऱ्या स्थानिक पोरांना काम मिळतं. बाहेरचा माणूस येऊन कचरा करणार असेल तर तो उचलायचा खर्च गावकऱ्याच्या पट्टीत का घालायचा?

पुढच्या वर्षाचा हिशेब डिसेंबरातच मांडायला घ्या. अंदाजपत्रक, हरकती, ठराव, नवी बिलं हे सगळं एप्रिलच्या आत बसवायचं असतं, आणि मार्चमध्ये भाऊसाहेब कुणाला सापडत नाहीत.